लष्करातून मुदतीआधी डिस्चार्ज : अर्ज, पेन्शन आणि माजी सैनिक दर्जा (जेसीओ/ओआर, अग्निवीर)

वारणाकाठ :
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ इन्फंट्रीत नाईक आहे. भरती होऊन १३ वर्षं ८ महिने झाले. वडिलांना अर्धांगवायू झालाय, घरी आई एकटीच. तो म्हणतो, नाव कापून (मुदतीआधी डिस्चार्ज घेऊन) घरी येतो. अर्ज कुणाकडे करायचा, पेन्शन बसेल का, माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळेल का? गावात चार जणांनी चार उत्तरं दिली. नियम माहीत असणाऱ्यांनी कृपया सांगावं.

निवृत्त_हेडक्लार्क :
अर्ज लिहायला बसण्याआधी भावाला एवढंच विचारा की डिस्चार्ज बुकात 'कारण' या रकान्यात काय लिहून आलेलं त्याला चालेल. पेन्शन, ईसीएचएस (माजी सैनिकांची उपचार योजना), कॅन्टीन, सरकारी नोकरीतलं आरक्षण हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं.

शपथ झालेल्या जवानाचा डिस्चार्ज आर्मी रूल्स १९५४ मधल्या नियम १३ प्रमाणे होतो. नियमासोबत तक्ता आहे. त्यातला तिसरा भाग शपथ झालेल्या जवानांचा, आणि त्यातल्या या बाबी तुमच्या कामाच्या : बाब एक, भरतीच्या अटी पूर्ण झाल्या म्हणून. बाब तीन, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र म्हणून. बाब चार, अटी पूर्ण होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून. बाब पाच, वरच्या कशातच न बसणारे बाकीचे सगळे. तुमचा भाऊ जे मागतोय ती बाब चार.

बाब चारचा अधिकार कमांडिंग ऑफिसरांचा, म्हणजे सीओ साहेबांचा. पण नियमातच अट घातली आहे : अर्ज मंजूर करणं योग्य आहे याची सीओंना खात्री पटली पाहिजे, आणि त्यामुळे युनिटची नफरी (माणसांची संख्या) जास्त घटता कामा नये. थोडक्यात, हा हक्क नाही. 'मी राजीनामा दिला, आता मला सोडा' असं जवानाला म्हणता येत नाही.

भरतीच्या अटी पूर्ण कधी होतात ते हुद्द्यावर आहे. शिपाई १७ वर्षं, नाईक २२, हवालदार २४, नायब सुभेदार २६, सुभेदार २८. स्क्रीनिंग (वाढ द्यायची का याची तपासणी) पास झालं तर त्यावर २ वर्षांची वाढ. वयाची मर्यादा शिवाय वेगळी. जे आधी गाठेल ते लागू.

बेळगावी_कुंदा :
म्हणजे बढती घेतली की घर लांब गेलं म्हणायचं. १७ वरून थेट २२!

निवृत्त_हेडक्लार्क :
अगदी तसंच. नाईकची फीत लावली की 'अटी पूर्ण' होण्याची तारीख पाच वर्षं पुढे सरकते. घरी जायचं ठरलेल्या माणसाने फीत लावण्याआधीच हा हिशोब मांडावा.

सुभेदार_साताराकडचे :
आता पेन्शन. वारणाकाठ, हे भावाला मोठ्याने वाचून दाखवा.

जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) आणि ओआर (शिपाई ते हवालदार) यांना सर्व्हिस पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची पात्र सेवा लागते. (अधिकाऱ्यांना २०.) १४ वर्षं ६ महिन्यांवर नाव कापलं तर महिन्याचं पेन्शन शून्य. हातात पडतं ते एवढं : सर्व्हिस ग्रॅच्युइटी, दर पूर्ण सहामाहीला अर्धा महिना पगार या दराने. रिटायरमेंट ग्रॅच्युइटी, दर सहामाहीला पाव महिना पगार. शिवाय स्वतःचा एएफपीपी फंड (भविष्य निर्वाह निधी), आर्मी ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी आणि साठलेल्या रजेचे पैसे (जास्तीत जास्त ३०० दिवस).

आकड्यात बघू. लेव्हल ४ चा नाईक, मूळ वेतन ३४,३००, मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, एकूण ३९,५००. महागाई भत्ता सध्या बाजूला ठेवू, तो दोन्हीकडे चढतो.

१४ वर्षं ६ महिने म्हणजे २९ सहामाह्या. सर्व्हिस ग्रॅच्युइटी १९,७५० गुणिले २९ = ५,७२,७५०. रिटायरमेंट ग्रॅच्युइटी ९,८७५ गुणिले २९ = २,८६,३७५.

तोच नाईक १५ वर्षं भरून सुटला तर पेन्शन पगाराच्या निम्मं, म्हणजे महिना १९,७५० आणि वर महागाई. रिटायरमेंट ग्रॅच्युइटी तर आहेच. आता गंमत बघा : सर्व्हिस ग्रॅच्युइटीचे ते पावणेसहा लाख म्हणजे बरोबर २९ महिन्यांचं पेन्शन. सहा महिने कमी थांबून माणूस अडीच वर्षांचं पेन्शन घेतो आणि जन्मभराचं सोडतो. त्याच्या पश्चात बायकोला मिळणारं फॅमिली पेन्शन जातं ते वेगळंच.

माण_खटाव :
पण एक वर्षापर्यंतची तूट माफ होते ना? १४ वर्षं झाली की पेन्शन बसतं असं ऐकलंय.

वकिली_चष्मा :
अर्धं बरोबर. तूट माफ करायची तरतूद आहे, आणि १४ ऑगस्ट २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने तिची मर्यादा ६ महिन्यांवरून १२ महिने झाली. पण पेन्शन रेग्युलेशनमध्येच 'स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज झालेला' या तरतुदीतून वगळलाय. नेमकं ज्याला हवं त्यालाच नाही. ट्रिब्युनलमध्ये भांडून काहींनी मिळवलंय, ते खरं. पण खटला जिंकू या भरवशावर नोकरी सोडणं हा सल्ला कुणी देऊ नये.

आणि १५ वर्षं म्हणजे कॅलेंडरची १५ नव्हेत, पात्र सेवेची. विनारजा गैरहजेरीचे दिवस, कोठडी किंवा तुरुंगातले दिवस, बिनपगारी रजा यातून वजा होतात.

निवृत्त_हेडक्लार्क :
इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. भरतीच्या तारखेत १५ मिळवायचे आणि तीच तारीख अर्जात टाकायची. सहा-सात वर्षांपूर्वी रजेवरून उशिरा हजर झाल्याचे दिवस शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रावर) गैरहजेरी म्हणून चढलेले असतात, हे कुणाला आठवत नाही. तेवढ्याने सेवा १५ च्या आत राहते आणि पेन्शनचा क्लेम परत येतो.

म्हणून पहिलं काम : कंपनी क्लार्ककडून शीट रोल आणि पार्ट टू ऑर्डरचा (जवानाच्या नोंदी बदलणारा युनिटचा आदेश) उतारा मागून नॉन-क्वालिफाइंग, म्हणजे पात्र सेवेत न धरलेले, दिवस मोजा. युनिटचा आकडा रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांचं रेकॉर्ड ठेवणारं कार्यालय) आकड्याशी लेखी जुळवून घ्या. भरतीची तारीख ट्रेनिंग सेंटरमध्ये दाखल झाल्याची धरतात, रिक्रूटचा काळ सेवेत मोजला जातो. मग जी तारीख येईल तिच्या पुढच्या महिन्याची अखेर मागा. महिनाभर जास्त गेला तर काही बिघडत नाही, एक दिवस कमी पडला तर सगळंच बिघडतं.

वेतनवाढीची तारीखही बघा. ती १ जानेवारी किंवा १ जुलै असते. १ जुलैवाल्याने मे अखेर मागितली तर शेवटची वाढ हातची जाते, आणि पेन्शन तर शेवटच्या पगारावर बसतं.

नाशिकरोड_तोफखाना :
पेन्शन बसलं तरी एक खड्डा राहतोच, तो म्हणजे वन रँक वन पेन्शन, ओआरओपी (सारखा हुद्दा, सारखी सेवा, सारखं पेन्शन). ७ नोव्हेंबर २०१५ च्या पत्रात सरळ लिहिलंय की यापुढे स्वतःच्या विनंतीवरून डिस्चार्ज घेणाऱ्यांना ओआरओपी नाही. म्हणजे १६ वर्षांनी बाब चारखाली सुटलेल्या नाईकाला पेन्शन मिळेल, महागाई वाढेल, वेतन आयोग लागू होईल. पण दर पाच वर्षांनी ओआरओपीचे तक्ते बदलतात (२०१९, २०२४) तेव्हा त्याचं पेन्शन जागेवरच राहील. बरोबरीचा माणूस पुढे जात राहतो आणि हा बँकेत विचारत बसतो.

यातून वाट एकच. अटी पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि २ वर्षांच्या वाढीला नकार द्यायचा. १७ वर्षं भरलेल्या शिपायाने 'वाढ नको' असं स्क्रीनिंगच्या वेळी लिहून दिलं तर त्याचा डिस्चार्ज बाब एकखाली होतो, विनंतीवरून नाही. पण आधी वाढ घेतली आणि मध्येच मन बदललं, तर ते पुन्हा विनंतीत जमा होतं. नकार द्यायचा तर वेळेवर द्या.

वारणाकाठ :
हे कुणीच सांगितलं नव्हतं. माजी सैनिक दर्जाचं काय?

वकिली_चष्मा :
केंद्राची व्याख्या अशी आहे. पेन्शन मिळवून सुटला असेल तर तो माजी सैनिक, मग स्वतःच्या विनंतीवरून सुटलेला असो वा नसो. पेन्शन नसेल तर ठरावीक मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह सुटलेला हवा, तोही स्वतःच्या विनंतीवरून नाही आणि गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेवरून तर नाहीच. किंवा लष्करी सेवेमुळे आलेल्या आजाराने अथवा आवाक्याबाहेरच्या कारणाने मेडिकलवर सुटून डिसेबिलिटी पेन्शन मिळालेला हवा. आस्थापना कमी केल्यामुळे सोडलेलेही यात येतात.

आता तुमच्या भावाला लावा. १३ वर्षं ८ महिने, विनंतीवरून, पेन्शन नाही. म्हणजे माजी सैनिक नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ओळखपत्र देणार नाही. ईसीएचएस पेन्शनधारकांसाठी, तेही गेलं. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि ड मधलं १५ टक्के समांतर आरक्षण, बँकेत क्लार्कसाठीचे साडेचौदा टक्के, वयात सेवेचा काळ अधिक ३ वर्षांची सूट, सगळं या दर्जाला बांधलेलं आहे. दहावी झालेल्याला १५ वर्षांच्या सेवेवर गट क पदांसाठी पदवीधर समजतात, तीही सोय १५ च्या आत नाही.

बेळगावी_कुंदा :
आणि गावची घरपट्टी माफी!

कराडची_सून :
घरपट्टी हजार-बाराशेची, ती राहू द्या. ईसीएचएस जाणं ही मोठी गोष्ट आहे. वारणाकाठ, तुमच्या वडिलांचे उपचार आत्ता मिलिटरी हॉस्पिटलमधून होतात का? अवलंबित म्हणून त्यांचं नाव पार्ट टू ऑर्डरवर आहे का ते आधी पाहा. आजारी आईवडिलांसाठी नोकरी सोडायची आणि त्याच दिवशी त्यांचा उपचारांचा हक्क सोडायचा, असं बऱ्याच घरांत होतं. खासगी फिजिओथेरपीचं आणि औषधांचं महिन्याचं बिल कागदावर मांडा, मग ठरवा.

वारणाकाठ :
अवलंबित म्हणून नाव आहे. उपचार मात्र कोल्हापुरात खासगीत चालू आहेत.

सुभेदार_साताराकडचे :
मग डिस्चार्जच्या आधीच्या पायऱ्या वापरून झाल्यात का? साधारण क्रम असा असतो.

रजा. जेसीओ/ओआरला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल. अडचण असेल तर पुढच्या वर्षाची वार्षिक रजा आगाऊ मिळू शकते.

त्यानंतर अनुकंपा बदली. युनिटमधून रेकॉर्डला केस जाते, घराजवळच्या ठिकाणी किंवा रेजिमेंटल सेंटरला पोस्टिंग मागता येतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्याला बेळगाव म्हणजे कोल्हापूरपासून दोन-अडीच तास. महार रेजिमेंटवाल्याचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला, तिथे हा फायदा नाही. एनसीसी बटालियनमधल्या परमनंट इन्स्ट्रक्टर स्टाफच्या जागा महाराष्ट्रभर आहेत. त्या इआरई (रेजिमेंटबाहेरची नेमणूक) समजल्या जातात, अर्ज करताना पसंती लिहा.

हे मागितल्याची नोंद असणंही कामाचं आहे. सीओ पहिला प्रश्न हाच विचारतात : बदली मागितलीस का? 'नाही' म्हटलं की अर्ज तिथेच मागे.

निवृत्त_हेडक्लार्क :
तरीही डिस्चार्जच हवा असेल तर कागद असे चालतात.

अर्ज स्वतःच्या हाताने, हिंदीत किंवा इंग्रजीत. वर नंबर, रँक, नाव, युनिट, भरतीची तारीख, पात्र सेवा. मग कारण, चार-पाच ओळींत. 'घरगुती अडचण' एवढंच लिहिलेला अर्ज टिकत नाही. कोण आजारी, काय आजार, घरात दुसरा कर्ता पुरुष का नाही, हे लिहा. शेवटी ही वाक्यं असावीत : हा अर्ज कुणाच्या दबावाखाली केलेला नाही, मुदतीआधी सुटल्याने पेन्शन व इतर लाभांवर काय परिणाम होतो ते मला समजावून सांगितलं आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या.

सोबत हॉस्पिटलचे कागद, सरपंच किंवा पोलीस पाटलाचा दाखला, तहसीलदाराचा दाखला, रेशन कार्ड. सगळ्यात वजनदार कागद मात्र जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचा पडताळणी अहवाल. युनिट त्यांना पत्र पाठवतं, तिथला कल्याण संघटक घरी येऊन पाहून जातो. त्या दिवशी घरी कुणीतरी कागद घेऊन हजर पाहिजे. 'घर बंद होते' असा शेरा गेला की दुसऱ्या फेरीत महिने जातात.

वाट अशी : प्लाटून, मग कंपनी सीनियर जेसीओ, कंपनी कमांडर, ॲडज्युटंट, सीओ. सीओ समोरासमोर मुलाखत घेतात. मंजूर झालं की केस रेकॉर्ड ऑफिसला, तिथून डिस्चार्ज ऑर्डर. मग रिलीज मेडिकल बोर्ड (सुटतानाची वैद्यकीय तपासणी), क्लिअरन्स, आणि रेजिमेंटल सेंटरच्या डेपो कंपनीत डिस्चार्ज ड्रिल (सुटण्याचे शेवटचे सोपस्कार).

क्लिअरन्समध्ये अडतात त्या गोष्टी : कोतची (हत्यारखान्याची) हत्यार नोंद, क्वार्टर मास्टरचे कपडे-सामान, फॅमिली क्वार्टरचं वीजबिल, कॅन्टीन कार्ड, आणि कर्ज. ग्रुप इन्शुरन्सचं घरकर्ज शिल्लक असेल तर मॅच्युरिटीतून कापून घेतात, हातात येणारा आकडा एकदम खाली येतो. बँकेचं पर्सनल लोन डिफेन्स सॅलरी पॅकेजवर असेल तर पगार थांबल्यावर हप्ता कुठून जाणार ते आधीच ठरवून ठेवा.

कराडची_सून :
आणि नावं! महाराष्ट्रातल्या फाइली सगळ्यात जास्त इथे अडतात. लष्कराच्या रेकॉर्डला बायकोचं नाव नुसतं 'सुनीता' किंवा 'सुनीता देवी' असं चढलेलं असतं, कारण क्लार्कने उत्तरेकडच्या पद्धतीने लिहिलेलं. आधारवर 'सुनीता संजय शिंदे'. शाळेच्या दाखल्यावर 'सुनीता बापू जाधव'. स्पर्श हे पेन्शनचं पोर्टल तिन्हींना तीन बायका समजतं. जन्मतारीखही तशीच, लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये अंदाजे वर्ष आणि आधारवर १ जानेवारी.

दुरुस्ती सेवेत असताना करून घ्या : प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी दाखला, आधार-पॅन, संयुक्त फोटो हे युनिटकडे द्यायचं, युनिट नवी पार्ट टू ऑर्डर काढतं, रेकॉर्डला चढली की तिचा नंबर लिहून ठेवायचा. सुटल्यावर हेच काम करायला वर्ष पुरत नाही. मुलांची नावं, वडिलांचं आडनाव, बँक खातं नवराबायकोचं संयुक्त आहे की नाही, तेही त्याच फेरीत उरका.

माण_खटाव :
मेडिकल बोर्डावर सुटता येत असेल तर तो मार्ग बरा नाही का? बरेच जण पाठीचं दुखणं दाखवतात.

वकिली_चष्मा :
'दाखवतात' हा शब्द मागे घ्या. खोटं दुखणं दाखवणं हा आर्मी ॲक्टखाली गुन्हा आहे.

खरा आजार असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथे उलटी चूक होते. कायमच्या लो मेडिकल कॅटेगरीतला जवान कंटाळून 'विनंतीवरून सोडा' असा अर्ज देतो. मेडिकल कारणावरून काढायचं तर मेडिकल बोर्डाची शिफारस लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेच सांगितलं, की लो मेडिकल कॅटेगरीतल्या माणसाला दुसऱ्या बाबीखाली ढकलून घरी पाठवता येत नाही. इन्व्हॅलिड आउट झालेल्याला (आजारामुळे अपात्र ठरवून सोडलेल्याला) १० वर्षांच्या सेवेवर इन्व्हॅलिड पेन्शन मिळतं, १५ ची अट नाही. आजार सेवेमुळे झालेला किंवा वाढलेला ठरला तर डिसेबिलिटी पेन्शनला किमान सेवेची अटच नाही. स्वतः अर्ज देऊन ही दारं का बंद करायची?

विनंतीवरून सुटलात तरी रिलीज मेडिकल बोर्ड होतोच. त्याचा फॉर्म वाचून मगच सही करा. टक्के किती, आणि 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेला नाही' या चौकटीत खूण आहे का? १ जानेवारी २००६ नंतर विनंतीवरून सुटलेल्यालाही डिसेबिलिटी एलिमेंट (पेन्शनवर मिळणारा अपंगत्वाचा भाग) मिळू शकतं, २० टक्के किंवा जास्त आणि सेवेशी संबंध मान्य झालेला असेल तर. 'लवकर घरी जायचंय, काहीही लिहा' म्हणणारे पुढे अपिलं करत बसतात.

बेळगावी_कुंदा :
आणि 'रजेवर ये, परत जाऊच नको, आपोआप नाव कापतात' हे पारावरचं ज्ञान?

सुभेदार_साताराकडचे :
नाव कापतात, पण कसं ते पारावर कुणी सांगत नाही. गैरहजेरीला ३० दिवस झाले की आर्मी ॲक्टच्या कलम १०६ खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि जवान फरारी म्हणून नोंदला जातो. अटकेचा कागद जिल्ह्याच्या पोलिसांकडे येतो. विनारजा गैरहजेरीला ३ वर्षांपर्यंत, पळून जाण्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा. सक्रिय सेवेत असताना पळाला तर त्याहून कितीतरी कडक. शेवटी डिसमिसल. ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, दाखला नाही. दुसरी सरकारी नोकरीही विसरा.

तसाच दुसरा शहाणपणा : चार लाल शाईच्या नोंदी (शिक्षेच्या नोंदी) गोळा केल्या की काढून टाकतात. तो बाब पाचचा डिस्चार्ज. त्याला कारणे दाखवा नोटीस आणि चौकशी लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंय की नुसत्या चार नोंदी पुरेशा नाहीत. म्हणजे मुद्दाम शिक्षा खाऊनही सुटका होईलच असं नाही. पगार कापला जातो, बढती जाते आणि माणूस तिथेच.

पंढरीची_वाट :
पुतण्या अग्निवीर आहे, दोन वर्षं होत आली. त्याला हेच नियम?

नाशिकरोड_तोफखाना :
नाही. अग्निवीराला चार वर्षांआधी स्वतःच्या विनंतीवरून सोडत नाहीत, अत्यंत अपवादात्मक प्रकरणात वरच्या सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच. ग्रॅच्युइटी आणि पेन्शन योजनेतच नाहीत, त्यामुळे प्रश्न सेवानिधीचा (चार वर्षांअखेर मिळणारी एकरकमी रक्कम) उरतो.

महिन्याच्या पॅकेजमधून ३० टक्के कापतात : पहिल्या वर्षी ३०,००० मधून ९,०००, दुसऱ्या वर्षी ३३,००० मधून ९,९००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० मधून १०,९५०, चौथ्या वर्षी ४०,००० मधून १२,०००. तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांचे मिळून सुमारे १०.०४ लाख, व्याजासह अंदाजे ११.७१ लाख. विनंतीवरून आधी सुटला तर फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज. दोन वर्षं पूर्ण करून सुटला तर १,०८,००० अधिक १,१८,८०० म्हणजे २,२६,८०० आणि व्याज. सरकारचा वाटा नाही. कायम होणाऱ्या २५ टक्क्यांत येण्याची संधीही संपली.

पंढरीची_वाट :
मग चार वर्षं काढलेलीच बरी. धन्यवाद.

माण_खटाव :
सीओंनी अर्ज फेटाळला तर?

वकिली_चष्मा :
कारण लेखी मागा. मग कागद सुधारून पुन्हा अर्ज देता येतो, सीओ बदलल्यावर तर जरूर द्यावा. त्यावर आर्मी ॲक्टच्या कलम २६ खाली तक्रार. ६ महिन्यांत निकाल आला नाही किंवा विरोधात आला तर आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून ६ महिन्यांची मुदत आहे, उशीर झाला तर माफीचा वेगळा अर्ज जोडावा लागतो. पण 'मला सोडा' या मागणीवर ट्रिब्युनल सहसा सीओंच्या जागी बसून निर्णय देत नाही, नियम पाळला गेला का तेवढंच पाहतं.

आणि उलट बाजूचंही : मंजुरी आल्यावर मन बदललं तर डिस्चार्ज प्रत्यक्ष होण्याआधी, ऑर्डर हातात पडल्या पडल्या, रद्द करण्याचा अर्ज सीओंमार्फत रेकॉर्डला गेला पाहिजे. तोही हक्क नाही, पण डेपो कंपनीत पोहोचल्यावर तर कुणी ऐकतच नाही.

वारणाकाठ :
भावाशी बोललो. शीट रोलवर ३१ दिवस बिनपगारी रजा आहे म्हणाला. युनिट पुढच्या महिन्यात फील्डमधून पीस स्टेशनला येतंय. तो थांबायला तयार आहे, पण किती?

निवृत्त_हेडक्लार्क :
१५ ला १६ महिने कमी, त्यात ३१ दिवस मिळवा म्हणजे १७, आणि महिनाअखेरीसाठी एक वरचा. १८ महिने धरा. या काळात दोन कॅलेंडर वर्षं नक्की पडतात, म्हणजे दोनदा ६० अधिक ३०. एकाच वेळी न घेता तुकड्यांत घ्यायला सांगा. वडिलांचे मोठे उपचार असतील तेव्हा वार्षिक, मधल्या फेऱ्यांना कॅज्युअल. आणि नवी बिनपगारी रजा अजिबात नको, प्रत्येक दिवस तारीख पुढे ढकलतो.

पीस स्टेशनला आल्या आल्या फॅमिली क्वार्टरसाठी सीनियॉरिटीत नाव लावून घ्या. आईवडील अवलंबित असतील तर तिथे आणता येतात, मिलिटरी हॉस्पिटलही हाताशी येतं. अनुकंपा बदलीची केस समांतर चालू द्या. डिस्चार्जचा अर्ज मात्र आत्ता देऊ नका. पात्र सेवेचा आकडा रेकॉर्डकडून लेखी आल्यावर, ओआरओपीशिवायचं पेन्शन चालणार आहे का हे घरात ठरल्यावर, मगच.

कराडची_सून :
आणि आईचं आधार बघून घ्या. अवलंबितांच्या नोंदीत नाव जुळलं नाही तर क्वार्टर मिळूनही हॉस्पिटलचं कार्ड निघत नाही.

वारणाकाठ :
बघितलं. रेकॉर्डला 'शांता', आधारवर 'शांताबाई'.

कराडची_सून :
मग सोमवारी तहसीलला प्रतिज्ञापत्र. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं स्पष्ट लिहा, मूळ प्रत भावाला स्पीड पोस्टने आणि झेरॉक्स घरी.